जपानी लोलिता ड्रेस: अस्सल की रेप्लिका? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोलिता फॅशन म्हणजे नेमकं काय?

जपानमधली रस्त्यावरची फॅशन. घेरदार स्कर्ट, आत फुगवणारा पेटीकोट, झालरी, लेस, उंच गळ्याचा ब्लाउज, मोजे आणि डोक्यावर बो किंवा बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी). टोक्योच्या हाराजुकू भागात १९७० साली ‘मिल्क’ हे दुकान निघालं, तिथून या शैलीची मुळं शोधली जातात. ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ १९८८चं, ओसाकाचं ‘मेटामॉर्फोज’ १९९३चं, आणि संगीतकार माना यांचं ‘मुआ-मेम-मुआतिए’ १९९९चं. ‘अँजेलिक प्रिटी’ १९७९ पासून ‘प्रिटी’ या नावाने चालू होतं, आताचं नाव २००१ मध्ये आलं. ‘लोलिता’ या कादंबरीमुळे नावावरून गैरसमज होतात, पण या पोशाखाचा हेतू कुणाला आकर्षित करण्याचा नाही. अंग झाकलेलं असतं आणि घालणारी व्यक्ती स्वतःच्या आनंदासाठी घालते.

अस्सल, रेप्लिका, नकली आणि ऑफब्रँड यांत फरक काय?

अस्सल म्हणजे ज्या ब्रँडचं डिझाइन, त्यानेच विकायला काढलेला ड्रेस. रेप्लिका म्हणजे तेच प्रिंट, तोच कट, बोंच्या त्याच जागा उचलून दुसऱ्याच कारखान्याने शिवलेला ड्रेस. त्यावर बहुतेक वेळा ब्रँडचं लेबल नसतं आणि कारखाना ‘आम्ही ब्रँड आहोत’ असं म्हणतही नाही. त्याच नकलेवर ब्रँडचं खोटं लेबल शिवलं की तो नकली माल होतो, आणि मग ट्रेडमार्कचा प्रश्न येतो.

ऑफब्रँड ही वेगळी गोष्ट आहे. लोलिता ब्रँडचा नसलेला, पण शैलीत बसणारा कुठलाही कपडा ऑफब्रँड. शेजारच्या टेलरने शिवून दिलेला साधा काळा बिनबाह्यांचा ड्रेससुद्धा त्यात येतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ‘ब्रँड नाही म्हणजे रेप्लिका’ ही समजूत चुकीची आहे. त्यापायी नव्या मुली विनाकारण घाबरतात.

जेएसके, ओपी म्हणजे काय?

जेएसके म्हणजे जंपर स्कर्ट: बिनबाह्यांचा, ब्लाउजवर घालायचा. ओपी म्हणजे वन-पीस, बाह्यांसकट. पहिला ड्रेस जेएसके घ्यावा, कारण खांद्याच्या मापाची कटकट नसते आणि एकाच ड्रेसवर तीन-चार ब्लाउज फिरवता येतात.

फोटोवरून रेप्लिका कशी ओळखायची?

सुरुवात ब्रँडच्या मूळ फोटोपासून करा. ‘लॉलायब्ररी’ या ऑनलाइन संग्रहात हजारो ड्रेसची नोंद आहे: नाव, साल, कुठल्या रंगांत आला, मापं, मूळ फोटो. तो एका बाजूला आणि विक्रेत्याचा फोटो दुसऱ्या बाजूला उघडा.

पहिल्यांदा रंग बघा. ब्रँड एक प्रिंट साधारण तीन ते पाच रंगांत काढतो. विक्रेत्याकडे नोंदीत कुठेच नसलेला रंग असेल, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

मग प्रिंटचं प्रमाण. जपानी ब्रँडचं प्रिंट बहुधा काठाचं असतं. साडीला काठ असतो तसं मुख्य चित्र स्कर्टच्या खालच्या बाजूला आडवं धावतं, आणि वर जाताना चांदण्या किंवा फुलं विरळ होत जातात. नक्कल करणाऱ्याकडे मूळ आर्टवर्क नसतं. तो फोटोवरून किंवा स्कॅनवरून चित्र पुन्हा बनवतो आणि हाताशी असेल त्या पन्ह्याच्या कापडावर बसवतो. त्यामुळे चित्र लहान-मोठं होतं. ‘अँजेलिक प्रिटी’च्या ‘शुगरी कार्निव्हल’मध्ये फिरत्या पाळण्याचे घोडे आहेत. अशा प्रिंटमध्ये मूळ फोटोतल्या समोरच्या भागात किती आकृत्या पूर्ण दिसतात ते मोजा आणि विक्रेत्याच्या फोटोत तेवढ्याच भागात मोजा. कापडाचा तुकडा कुठून कापला गेला त्यानुसार चित्र डावी-उजवीकडे सरकू शकतं, त्याने काही सिद्ध होत नाही. पण आकृतीची उंची बदलत नाही. कंबरेपासून काठापर्यंतच्या लांबीत चित्र किती जागा घेतं, हा भरवशाचा निकष.

रेषाही बघा. घोड्याची आयाळ, केकवरची चेरी, दिव्याची जाळी अशी बारीक जागा मोठी करून पाहा. पुन्हा काढलेल्या चित्रात या रेषा जाड होतात किंवा एकमेकींत मिसळतात. मूळ प्रिंटमध्ये सोनेरी चमक असेल तर नकलेत त्या जागी बऱ्याचदा साधा पिवळा किंवा मातकट तपकिरी रंग येतो.

शेवटी बो. अस्सल ड्रेसच्या बोंना आत बक्रम किंवा दुहेरी कापड असतं, म्हणून कोपरे भरलेले राहतात. शिवाय बरेच बो मागच्या पिनने काढता येतात. नकलेतला बो मधोमध चुरगळलेला, खाली लोंबणारा आणि थेट ड्रेसवरच शिवलेला सापडतो.

ड्रेस हातात आल्यावर काय तपासायचं?

लेसपासून सुरुवात करा, कारण खर्च वाचवायचा असेल तर कारखाना पहिली कात्री तिथेच लावतो. जपानी ब्रँड सुती टॉर्शन लेस भरपूर वापरतात. बोटांत धरली तर ती मऊ पण भरीव लागते, पीळ दिलेले सुती दोरे वेगवेगळे दिसतात, आणि चुण्या दाट असतात. आपल्या बाजारात जिला जीपीओ लेस म्हणतात, ती जाळीशिवाय नुसत्या भरतकामाची जाड लेसही दिसते. स्वस्त नकलेत त्या जागी पातळ, चकाकणारी नायलॉनची नेट लेस येते. ती मानेला आणि दंडाला टोचते, आणि चुण्या इतक्या विरळ असतात की लेस जवळजवळ सपाट बसते.

मग ड्रेस उलटा करा. सुती ड्रेसला आत अस्तर आहे का? अस्तराच्या खाली स्वतंत्र लेस आहे का? शिलाईच्या कडा सरळ इंटरलॉक केलेल्या आहेत की दोरे लोंबताहेत? चेनच्या दोन्ही बाजूंना कंबरेची शिवण एका रेषेत येते का? या जागा फोटोत दिसत नाहीत, म्हणून नकलेत तिथे हात आखडता घेतलेला असतो.

पाठीवर इलास्टिकच्या बारीक ओळी असतात, त्याला शिअरिंग म्हणतात. ओळी समांतर हव्यात, आणि ताणून सोडल्यावर कापड लगेच जागेवर आलं पाहिजे. दहा-पंधरा वर्षं जुन्या अस्सल ड्रेसमध्ये रबर वाळतं आणि ताणताना करकर आवाज येतो. हा वयाचा दोष आहे, नकलेचा पुरावा नाही.

घेरही मोजा. ड्रेस जमिनीवर पसरून खालची कड इंचपट्टीने मोजली आणि घेर दोन-सव्वादोन मीटरच भरला, तर फुगवणाऱ्या पेटीकोटवर तो ताणून बसेल आणि घंटेचा आकार येणार नाही. चांगल्या घेरदार जेएसकेची कड तीन मीटरच्या आसपास किंवा जास्त भरते. लॉलायब्ररीच्या नोंदीत ड्रेसची मापं असतात, त्यांच्याशी ताडून पाहा.

कापडाची मागची बाजू पांढरी दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नका. पॉलिएस्टरवरच्या छपाईत अस्सल ड्रेसचीही मागची बाजू फिकी असते.

लेबल असलं म्हणजे अस्सल, बरोबर?

नाही. ब्रँडचं विणलेलं लेबल बनवून घेणं सोपं आहे. उलट, सेकंडहँड अस्सल ड्रेसचं लेबल टोचतं म्हणून कापून टाकलेलं असू शकतं.

त्यापेक्षा आतल्या बाजूच्या धुण्याच्या सूचनांचं लेबल जास्त बोलतं. जपानमध्ये कापडात कोणता धागा किती टक्के, हे कायद्याने लिहावं लागतं, आणि ब्रँड बाहेरचं कापड व अस्तर यांची टक्केवारी वेगवेगळी देतात. धुण्याच्या खुणा १ डिसेंबर २०१६ पासून बदलल्या. जुन्या खुणांमध्ये चित्राच्या आत जपानी अक्षरं असायची, उदाहरणार्थ इस्त्रीच्या आकृतीत ‘मध्यम’ या अर्थाचं अक्षर. नव्या खुणा आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या, इस्त्रीत नुसते ठिपके असलेल्या. म्हणून २०१९ मध्ये पहिल्यांदा आलेल्या ड्रेसवर जुन्या खुणा दिसल्या तर संशय घ्या. २०१०च्या ड्रेसवर नव्या खुणा असतील तर आधी बघा की ब्रँडने तो पुन्हा काढला होता का. लोकप्रिय प्रिंट पुन्हा काढली जातात, आणि तीही अस्सलच असतात.

ड्रेस अस्सल सांगितला, पण लेस कमी आहे आणि बो वेगळा आहे. फसवणूक झाली का?

होईलच असं नाही. जपानी ब्रँड नव्या वर्षाला ‘फुकुबुकुरो’ म्हणजे बंद पिशव्या विकतात. त्यांत काही वेळा एखाद्या प्रिंटची सोपी आवृत्ती असते: लेस कमी, कट साधा. शिवाय एकाच प्रिंटचे दोन-तीन कट निघतात. लॉलायब्ररीत त्या प्रिंटच्या सगळ्या नोंदी बघितल्याशिवाय विक्रेत्यावर आरोप करू नका.

किमतीवरून अंदाज येतो का?

बराच. मोठ्या जपानी ब्रँडचा नवा प्रिंटचा जेएसके आज साधारण ३०,००० येनच्या पुढे जातो. गाजलेलं जुनं प्रिंट सेकंडहँडमध्ये त्याहून महाग पडू शकतं. तेच प्रिंट ‘नवंकोरं, एसपासून डबल एक्सएलपर्यंत सगळ्या मापांत’ आणि पाच-सहा हजार येनांना दिसलं, तर ती रेप्लिका आहे. जपानी ब्रँड पुष्कळदा एकाच मापात किंवा फार तर दोन मापांत काढतात, म्हणून मापांची लांबलचक यादी हीच खूण.

सेकंडहँड असूनही स्वस्त, असं मात्र खरंच घडतं. कमी गाजलेली प्रिंट, एकरंगी ड्रेस, किंवा बारीक डाग असलेले ड्रेस आठ ते पंधरा हजार येनांत मिळतात. ‘क्लोजेट चाइल्ड’ आणि ‘वुंडरवेल्ट’ ही याच शैलीचे वापरलेले कपडे विकणारी जपानी दुकानं माल तपासून, दोष लिहून विकतात. पहिल्या खरेदीला हा सगळ्यात सुरक्षित रस्ता.

जपानी रीसेल साइटवर वर्णनात कोणते शब्द बघायचे?

‘सेइकिहिन’ म्हणजे अस्सल माल. ‘शिचाकु नोमी’ म्हणजे फक्त घालून पाहिलेला. ब्रँडच्या नावापुढे ‘फू’ जोडलेलं असेल तर अर्थ ‘त्या धाटणीचा’, म्हणजे तो ब्रँडचा नाही. हे एकच अक्षर यांत्रिक भाषांतरात हरवतं आणि लोक तिथेच फसतात. ‘केन्साकु-यो’ म्हणजे ‘शोधात यावं म्हणून’. त्यापुढे पाच-सहा ब्रँडांची नावं दिसली तर त्यांतला एकही ब्रँड त्या ड्रेसचा नसू शकतो.

विक्रेत्याकडे चार फोटो मागा: पूर्ण ड्रेस समोरून, आतलं धुण्याचं लेबल, काठाच्या लेसचा जवळून फोटो, आणि पाठीचं शिअरिंग. ज्याच्याकडे ड्रेस खरंच आहे त्याला हे दहा मिनिटांचं काम. फक्त ब्रँडचाच फोटो पुन्हा पाठवला तर तिथेच थांबा. अनोळखी विक्रेत्याला पैसे पाठवताना पेपॅलचा, खरेदीदाराला संरक्षण नसलेला ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ प्रकार वापरू नका.

चिनी ब्रँड म्हणजे सगळे रेप्लिकाच ना?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज त्या डिझायनरांवर अन्याय करणारा आहे. ‘इन्फांटा’, ‘क्राड लान्रेते’, ‘क्लासिकल पपेट्स’, ‘सरफेस स्पेल’ हे चिनी ब्रँड स्वतःची डिझाइन काढतात. चीनमधल्या लोलिता मंडळींमध्ये नकलेला ‘शान’ म्हणतात, ‘शानझाई’चं हे छोटं रूप, आणि ‘शान’ घालणाऱ्यांवर तिथे जपानपेक्षाही कडक टीका होते. आज या चिनी ब्रँडांचीच नक्कल मोठ्या प्रमाणावर होते.

चिनी ब्रँडची पद्धत आगाऊ नोंदणीची असते: आधी अनामत, ड्रेस शिवून झाला की उरलेले पैसे. मध्ये काही महिने जातात. अनेक चकचकीत वेबसाइट हेच फोटो उचलून ‘सात दिवसांत घरपोच’ म्हणतात आणि भलतंच कापड पाठवतात. फोटो गूगल लेन्सवर टाका. एकच फोटो दहा दुकानांत दहा किमतींना दिसला तर मूळ ब्रँड शोधून तिथूनच घ्या.

रेप्लिका घेणं बेकायदा आहे का?

जपानच्या अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्यानुसार, वस्तू जपानमध्ये पहिल्यांदा विकायला आल्यापासून तीन वर्षं तिच्या रूपाची हुबेहूब नक्कल विकता येत नाही. प्रिंटच्या चित्राचा कॉपीराइट आणि ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क हे त्याहून वेगळे हक्क. १ ऑक्टोबर २०२२ पासून परदेशी विक्रेत्याने जपानमध्ये पाठवलेला खोट्या ट्रेडमार्कचा माल वैयक्तिक वापरासाठी असला तरी तिथलं कस्टम जप्त करू शकतं. टोक्यो, नागोयात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

कायद्यापलीकडचं आमचं मत स्पष्ट आहे: प्रिंटची रेप्लिका घेऊ नये. ते प्रिंट कुणीतरी महिनोन्‌महिने बसून काढलेलं असतं, आणि हे ब्रँड लहान आहेत, एकेका प्रिंटच्या विक्रीवर चालणारे. पण एकरंगी जेएसके, साधी चौकड्याची झालर, गोल कॉलर यांवर कुणाची मालकी नाही. अशा साध्या कटाबद्दल कुणी टोकलं तर मनावर घेऊ नका.

माझं माप मोठं आहे. अस्सल ड्रेस बसतच नाही, मग रेप्लिकाच उरते ना?

ही अडचण खरी आहे. बऱ्याच लोकांनी रेप्लिका घेतली ती याच कारणाने, कारण कारखाने मापाप्रमाणे शिवून देत. शिअरिंग नसलेल्या जपानी ड्रेसचं माप पुष्कळदा छाती ८८ सेंटिमीटर आणि कंबर ७० सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे साडेचौतीस आणि साडेसत्तावीस इंच. पण पाठभर शिअरिंग असलेला जेएसके त्याहून दहा-बारा सेंटिमीटर सहज ताणतो. शोधताना ‘फुल शिअरिंग’ हाच शब्द वापरा. अनेक चिनी ब्रँड तीन-चार मापं काढतात. आणि टेलर आहेच.

टेलरकडून लोलिता जेएसके शिवून घ्यायचा तर कापड किती?

४४ इंच पन्ह्याचं सुती कापड चार ते साडेचार मीटर, अस्तर दोन मीटर. रंग ठरवताना दोनच धरा. स्कर्टची लांबी २१ ते २३ इंच, घेर तीन मीटर. काठाला सपाट लेस लावायची तर तीन मीटर पुरते, चुण्यांची लावायची तर दीडपट ते दुप्पट, म्हणजे साडेचार ते सहा मीटर. ती सुतीच घ्या. मुंबईच्या मंगलदास मार्केटात कापड आणि पुण्याच्या तुळशीबागेत लेस पाहायला जाताना रंगाचा तुकडा सोबत ठेवा. ‘पांढरा’ म्हणून घेतलेली लेस शुभ्र निघते आणि कापड मोतिया असतं, हा नेहमीचा घोटाळा.

टेलरला मूळ ड्रेसचा फोटो देऊन ‘अस्सा शिवा’ म्हणू नका. वरच्या भागाचा चौकोनी गळा, पट्ट्याची रुंदी, कंबरेची जागा आकडे लिहून द्या. जपानमध्ये २००१ ते २०१७ या काळात निघालेल्या ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ या नियतकालिकात कापडावर आखायचे पॅटर्न दिलेले असत. जुने अंक सेकंडहँडमध्ये मिळतात.

पाठीच्या शिअरिंगसाठी इलास्टिकचा दोरा बॉबिनवर हाताने, न ताणता गुंडाळायचा. वर साधा दोरा, टाका ४ मिलिमीटर, ओळींमध्ये एक सेंटिमीटर अंतर. पहिल्या दोन ओळींना कापड फारसं आखडत नाही म्हणून टेलर दोरा ओढून घट्ट करतो आणि तो तुटतो. सगळ्या ओळी झाल्यावर वरून वाफेची इस्त्री धरली की कापड आपोआप आखडतं.

घागऱ्याचा कॅनकॅन चालेल का?

आहे तसा नाही. तो पायघोळ आणि खाली पसरत जाणारा असतो, लोलिताला घंटेचा आकार लागतो, म्हणजे कंबरेखाली लगेच फुगवटा. वर सहा इंचांचा सुती पट्टा, त्याला तीन मीटर नेटचा पहिला थर, त्याला सहा मीटरचा दुसरा, आणि एकूण लांबी ड्रेसपेक्षा दोन इंच कमी, असा शिवून घ्या. आत मऊ सुती अस्तर हवंच, नाहीतर कडक नेट मोजे ओरबाडतं. अस्सल ड्रेस पेटीकोटशिवाय घातला तर तोही स्वस्त दिसतो. म्हणून पैसे कमी असतील तर आधी पेटीकोटवर खर्च करा.

भारतात मागवताना काय लक्षात ठेवायचं?

अलीएक्स्प्रेस ही चिनी खरेदी साइट भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. जपानच्या साइटवरून प्रॉक्सी सेवेमार्फत, म्हणजे तुमच्या वतीने तिथे खरेदी करून पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थामार्फत, मागवता येतं. ड्रेसची किंमत, प्रॉक्सीचं कमिशन, जपानमधलं टपाल, आंतरराष्ट्रीय टपाल आणि कस्टम ड्युटी, असा हिशेब आधीच मांडा. ड्युटी फक्त ड्रेसच्या किमतीवर लागत नाही, टपाल आणि विमा धरून लागते. कुरिअर केवायसी मागतं, ती कागदपत्रं तयार ठेवा म्हणजे पार्सल अडकत नाही. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्यावर मिळते.

ड्रेस कसा धुवायचा, आणि पावसाळ्यात कसा ठेवायचा?

लाल किंवा काळं कापड आणि पांढरी लेस असेल तर आधी रंग तपासा: ओला पांढरा सुती रुमाल आतल्या शिवणीवर अर्धा मिनिट दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर पाण्यात भिजवायचं नाही, ड्रायक्लीनला द्यायचा. अस्सल ड्रेसचाही रंग जातो, त्यावरून नकली ठरवू नका. रंग पक्का असेल तर सगळे बो काढून, थंड पाण्यात इझीसारखा सौम्य साबण टाकून पाच मिनिटांत हाताने धुवा. पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. ओला ड्रेस हँगरला टांगला तर पाण्याच्या वजनाने शिअरिंग सैल पडतं.

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर ड्रेस प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवू नका, आत दमट हवा अडकून बुरशीचे ठिपके पडतात. जुन्या सुती साडीत किंवा मलमलमध्ये गुंडाळा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि उघडीप मिळाली की दर पंधरा दिवसांनी पंख्याखाली तासभर हवा द्या. डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका. बोंच्या मागच्या पिना काढून वेगळ्या डबीत ठेवा, कारण गंज आधी तिथे धरतो, आणि गंजाचा डाग मोतिया कापडावरून निघत नाही.